टोकियोत पहिल्यांदा आणि एकट्याने: विमानतळापासून अंथरुणापर्यंत

टोकियो एकट्या माणसाला सांभाळून घेणारं शहर आहे. काउंटरवर एकट्याने बसून जेवणं इथे रोजचंच, रात्री उशिरा मुली एकट्या निवांत घरी जाताना दिसतात, आणि ट्रेनमध्ये राहिलेली छत्रीसुद्धा स्टेशनातल्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीवर जमा होते. तरीही पहिल्यांदा येणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला दिवस वाया जातो. रात्रभराचं विमान, अर्धवट झोप, पाठीवर जड सॅक, आणि बेत काय? तर दुपारी शिबुया, संध्याकाळी शिंजुकू, रात्री टॉवर. एवढं एका दिवसात जमत नाही, आणि जमवायला गेलं की दुसराही दिवस हातचा जातो.

माझा आग्रह असा आहे की पहिल्या दिवशी पाचच कामं करा: इंटरनेट, रोख येन, ट्रेनचं कार्ड, मुक्काम आणि पोटभर जेवण. त्यानंतर अंगात त्राण उरलं तर मुक्कामाच्या आसपासच्या गल्ल्या पायाखाली घाला. ही पाच कामं नीट झाली, की पुढचे सगळे दिवस सोपे जातात.

निघण्याआधी हे जवळ हवं

- पासपोर्ट. परदेशी पाहुण्यांनी तो सतत जवळ बाळगावा असा जपानचा कायदा आहे. पोलिसांनी मागितला तर दाखवावा लागतो. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका.
- व्हिसा. ई-व्हिसा असेल तर पुढचा दुसरा मुद्दा नीट वाचा.
- परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग, फोनमध्ये आणि कागदावरही.
- मुक्कामाचा पत्ता जपानी लिपीत. बुकिंगच्या पानावर मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं. परदेशातले व्यवहार आणि एटीएम, दोन्ही बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच चालू करून घ्या. दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका.
- दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॉप्टर. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते. फोनचे आणि लॅपटॉपचे चार्जर त्यावर चालतात, पण आपली गोल पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही.
- पॉवर बँक, नाण्यांसाठी छोटा बटवा, हातरुमाल. बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद नसतो, म्हणून रुमाल.
- औषधं असतील तर मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारण एका महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना बंदी आहे. घरातल्या औषधांच्या डब्यातून मूठभर उचलून बॅगेत टाकायची सवय इथे अंगाशी येऊ शकते.

मांस असलेला कुठलाही खाऊ आणि ताजी फळं-भाज्या बॅगेत भरू नका. विमानतळावर कुत्री बॅगा हुंगत फिरत असतात आणि दंड जबर असतो.

१. मुक्काम निवडताना शहराच्या पूर्वेकडे बघा

आसाकुसा किंवा उएनो. पहिल्यांदा आणि एकट्याने येणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सांगतो. नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांवरून या भागात फारशी गाडी न बदलता येता येतं, परवडणारी होस्टेलं भरपूर आहेत, इमारती त्यामानाने बुटक्या आहेत आणि रस्ते लवकर ओळखीचे होतात. शिंजुकू झगमगीत आहे, पण तिथल्या स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. दमलेल्या अवस्थेत, सामान घेऊन, चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर हॉटेल समोर असूनही अर्धा तास चालावं लागतं.

बुकिंग करताना तीन गोष्टी तपासा. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी ३ च्या आधी होत नाही. छोट्या होस्टेलांत स्वागतकक्ष रात्री ठराविक वेळेला बंद होतो, तेव्हा विमान उशिरा पोहोचत असेल तर आधीच निरोप द्या. आणि कॅप्सूल हॉटेल (खोलीऐवजी एका माणसापुरता झोपायचा कप्पा) घेणार असाल तर ते फक्त पुरुषांसाठी आहे का, स्त्रियांसाठी वेगळा मजला आहे का, हे वाचा.

नावांचा घोटाळा होऊ देऊ नका. आसाकुसा, आसाकुसाबाशी आणि आकासाका ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. आकासाका तर शहराच्या पार दुसऱ्या बाजूला आहे. शिवाय आसाकुसा नावाचीही एकाहून जास्त स्टेशनं आहेत. त्सुकुबा एक्सप्रेसचं आसाकुसा बाकीच्यांपासून बरंच पश्चिमेला पडतं. मुक्कामाला कुठल्या लाइनचं स्टेशन जवळ आहे, हे लिहून ठेवा.

२. विमानतळावरच्या रांगा

घरून निघण्याआधी ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी सेवेवर पासपोर्ट, विमान आणि मुक्कामाची माहिती भरा. तिथे मिळणारा क्यूआर कोड इमिग्रेशनला आणि कस्टम्सला, दोन्हीकडे चालतो. ही सेवा फुकट आहे. हुबेहूब दिसणारं एखादं पान पैसे मागत असेल तर तिथून लगेच बाहेर पडा. कोडचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. नाहीच भरलं तर कागदी फॉर्म आहेत, पण पेन शोधण्यापासून सगळी सुरुवात होते.

ई-व्हिसावाल्यांची गोष्ट वेगळी. व्हिसा मिळाल्याची सूचना फोनवर इंटरनेट चालू ठेवून, प्रत्यक्ष त्या पानावर जाऊन दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील कागद ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे रांगेत उभं राहण्याआधीच विमानतळाचं फुकट वाय-फाय जोडा, लॉग-इन करून पान उघडून ठेवा. फोनची बॅटरी विमानात सिनेमे बघून संपवू नका, हे मी फार कळकळीने सांगतो.

खिडकीवर दोन्ही तर्जनींचे ठसे आणि फोटो घेतात. ‘कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार’ एवढेच प्रश्न, तेही क्वचित. थोडक्यात आणि खरं उत्तर द्या. पासपोर्टवर एक छोटा स्टिकर लागतो, त्यावर राहण्याची शेवटची तारीख असते. तिथल्या तिथे वाचून घ्या. १० लाख येनपेक्षा जास्त रोख जवळ असेल तर कस्टम्सला सांगावं लागतं. बाकी काही विशेष नाही.

३. विमानतळ सोडण्याआधी तीन कामं

बाहेर आल्यावर लोंढा थेट ट्रेनकडे जातो. तुम्ही थांबा. बसायला जागा बघा, पाणी प्या आणि ही कामं याच क्रमाने उरका.

इंटरनेट आधी. ई-सिम घेतलं असेल तर ते घरीच इन्स्टॉल करून ठेवा, इथे फक्त चालू करायचं. विमानतळावरही सिम मिळतात, पण पर्यटकांसाठीची सिम बहुधा फक्त डेटाची असतात, फोन नंबर येत नाही. आपलं नेहमीचं सिम काढून फेकू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येणार. परदेशात एसएमएस येत राहील अशी सोय आपल्या कंपनीकडून आधी करून घ्या, आणि त्या सिमचा डेटा मात्र बंद ठेवा.

मग रोख. सेव्हन-इलेव्हन या दुकानांमधली सेव्हन बँकेची एटीएम परदेशी कार्डं घेतात आणि इंग्रजीत बोलतात. ती विमानतळावरही आहेत. १५-२० हजार येन पहिल्या काही दिवसांना पुरतात. टोकियोत आता कार्ड पुष्कळ ठिकाणी चालतं, तरी लहान खानावळी, देवळं आणि काही जुनी यंत्रं नोटच मागतात. यंत्राने ‘रक्कम रुपयांत वळवू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि येन निवडा. रुपयांत वळवून देताना लावलेला दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. दुकानात कार्ड वापरतानाही हाच नियम.

नाणी हातात आली की एकदा नीट बघून घ्या. १, ५, १०, ५०, १०० आणि ५००. यातल्या ५ च्या नाण्यावर आपल्याला वाचता येईल असा आकडाच नसतो. पिवळसर रंग आणि मधोमध भोक, ही त्याची खूण. ५० लाही भोक असतं, पण ते रुपेरी असतं. काउंटरवर मागे रांग असताना हे शोधत बसण्यापेक्षा विमानतळावरच्या बाकड्यावर दोन मिनिटं घालवलेली बरी.

तिसरं काम सुइका, म्हणजे आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचं ट्रेनचं कार्ड. सुइका किंवा पास्मो, नाव कुठलंही असो, टोकियोतल्या जवळपास सगळ्या ट्रेन, मेट्रो आणि बसमध्ये दोन्ही चालतात. शिवाय दुकानं, लॉकर, पेयांची यंत्रं, सगळीकडे. आयफोन असेल तर वॉलेटमध्ये सुइका घालता येतं. फक्त बाहेरच्या देशातलं कार्ड पैसे भरताना कधी कधी नाकारलं जातं. मग स्टेशनातल्या यंत्रावर किंवा कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानात, रोख देऊन भरायचं. जपानबाहेर विकत घेतलेले अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा यासाठी चालत नाहीत, त्यांनी सरळ प्लास्टिकचं कार्ड घ्यावं. पर्यटकांसाठीचं ‘वेलकम सुइका’ २८ दिवस चालतं. त्याला अनामत रक्कम नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत. साध्या सुइकाला ५०० येन अनामत लागते. सुरुवातीला दोन-तीन हजार येन भरा.

जपान रेल पासच्या मोहात पडू नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पासून ५० हजार येनचा झाला आहे. नुसत्या टोकियोत फिरण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. मेट्रोत हवं तितकं फिरायचं ‘टोकियो सबवे तिकीट’ चांगलं आहे, पण ते जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाड्यांत, म्हणजे हिरव्या यामानोते लाइनवरही, चालत नाही. पहिल्या दिवशी त्याचीही गरज पडत नाही.

४. विमानतळ ते मुक्काम

टॅक्सी विसरा. नारिता शहरापासून ६० किलोमीटरहून लांब आहे आणि टॅक्सीचं भाडं २० हजार येनच्या वर जातं.

नारिताला उतरलात तर तळघरातल्या स्टेशनात दोन कंपन्यांची दारं शेजारी शेजारी दिसतात: जेआर आणि केइसेई. पूर्वेकडे जायचं असेल तर केइसेईच्या निळ्या पाटीकडे वळा. तिथे तीन पर्याय आहेत आणि तिन्हींचं वागणं वेगळं आहे.

स्कायलायनर सर्वांत वेगवान. निप्पोरीला ४० मिनिटांच्या आत, पुढे लगेच उएनो. भाडं साधारण २,६०० येन, जागा राखीव. त्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं, नुसतं सुइका टेकवून बसता येत नाही.

अ‍ॅक्सेस एक्सप्रेस ही माझ्या पसंतीची. साधारण १,३०० येनमध्ये, सुइका टेकवून, तासाभरात थेट आसाकुसाला. मात्र ती दर पाच-दहा मिनिटांनी नसते, आणि सगळ्या गाड्या आसाकुसामार्गे जात नाहीत, काही उएनोकडे वळतात. फलकावर शेवटचं स्टेशन बघा किंवा नकाशाच्या अ‍ॅपमध्ये तुमचं स्टेशन टाकून नेमकी वेळ घ्या.

केइसेई मेन लाइन सर्वांत स्वस्त, हजार येनच्या आसपास, पण उएनोला पोहोचायला सव्वा तास लागतो आणि वाटेत गर्दी वाढत जाते. मोठी बॅग असेल तर नको.

जेआरची नारिता एक्सप्रेस चांगली आहे, पण ती टोकियो स्टेशन, शिबुया, शिंजुकूकडे जाणाऱ्यांसाठी. नाव ओळखीचं वाटलं म्हणून त्यात बसू नका.

हानेदाला उतरलात तर नशीब चांगलं, ते शहरातच आहे. केइक्यू लाइनच्या काही गाड्या पुढे मेट्रोच्या रुळांवर जाऊन थेट आसाकुसाला पोहोचतात, पाऊण तासाच्या आत. इथे एकच सापळा आहे. तिसऱ्या टर्मिनलच्या स्टेशनात शहराकडे जाणाऱ्या आणि योकोहामाकडे जाणाऱ्या गाड्या एकाच फलाटावरून सुटतात. गाडी आली की लोक चढतात म्हणून चढू नका. डोक्यावरचा फलक बघा. त्यावर जपानी आणि इंग्रजी आलटून पालटून येतं, तेव्हा चार सेकंद थांबा.

गाडीत सॅक पाठीवरून काढून पुढे घ्या किंवा वरच्या रॅकवर ठेवा. फोन सायलेंटवर, आणि फोनवर बोलायचं नाही, हळू आवाजातही नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळी, म्हणजे साधारण साडेसात ते साडेनऊ, मोठं सामान घेऊन शहरात शिरणं शक्यतो टाळा. विमान पहाटे उतरलं असेल तर विमानतळावरच नाश्ता करून निघा. काही लाइनवर या वेळेत स्त्रियांसाठी राखीव डबा असतो. फलाटावर गुलाबी खूण रंगवलेली असते, तिथे उभं राहायचं.

५. स्टेशनातून बाहेर पडणं

टोकियोत ट्रेन पकडणं सोपं, स्टेशनातून योग्य ठिकाणी बाहेर पडणं अवघड. त्यामुळे या मुद्द्यावर थोडा वेळ द्या.

प्रत्येक मेट्रो स्टेशनाला अक्षर आणि आकडा असतो. अक्षर लाइनचं, आकडा स्टेशनाचा. गिंझा लाइनवर शिबुया जी ०१ आणि आसाकुसा जी १९. नाव लक्षात राहत नसेल तर हा कोड लक्षात ठेवा. आकडे वाढताहेत की कमी होताहेत यावरून आपण उलट दिशेला निघालो नाही ना, हे एका स्टेशनात कळतं. टोकियो मेट्रोच्या ९ आणि महानगर शासनाच्या तोएईच्या ४ अशा १३ भुयारी लाइन आहेत, पण त्या पाठ करायची काही गरज नाही.

बाहेर पडण्याच्या दारांनाही नंबर असतात: ए १, बी २, किंवा नुसते ३, ४. त्यांच्या पाट्या पिवळ्या असतात. हॉटेलच्या पानावर कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते दिलेलं असतं, तो नंबर आधीच लिहून घ्या. सामान जड असेल तर लिफ्टचं चित्र असलेलं दार शोधा, ते बहुतेक वेळा वेगळंच असतं. बऱ्याच दारांना नुसत्या पायऱ्या असतात, आणि त्या संपता संपत नाहीत.

बाहेर पडताना कार्ड टेकवलं आणि फाटक लाल होऊन मिटलं तर घाबरू नका. कार्डात पैसे कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. फाटकाच्या आतल्या बाजूलाच भाड्याची तूट भरायचं यंत्र असतं. नाहीतर कोपऱ्यातल्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याला कार्ड दाखवा. मागच्यांना वाट द्या आणि शांतपणे बाजूला व्हा, हे सगळ्यांचंच होतं.

जपानी पत्ता वाचायची रीत निराळी आहे. बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. सेन्सो-जी मंदिराचा पत्ता बघा: ताइतो, आसाकुसा २-३-१. ताइतो हा शहराचा वॉर्ड, आसाकुसा हा भाग, २ हा त्यातला विभाग, ३ हा त्यातला ठोकळा आणि १ ही इमारत. म्हणजे ‘अमुक रस्त्यावर डावीकडे’ असं शोधत गेलं तर सापडत नाही. नकाशावरच्या टिंबावर भरवसा ठेवा, आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये इमारतीचं नाव वाचा. होस्टेल कित्येकदा वरच्या मजल्यावर असतं आणि खाली दुसरंच दुकान असतं.

६. सामान टाका

चेक-इनची वेळ झाली नसली तरी बहुतेक सगळी हॉटेलं आणि होस्टेलं बॅग ठेवून घेतात. स्वागतकक्षात पासपोर्टची प्रत काढतात, तो नियम आहे. बॅग ठेवून घेणारं कोणी नसेल तर स्टेशनात नाण्यांचे लॉकर असतात. बरेच लॉकर सुइकाने उघडतात, त्यामुळे सामान ठेवलं तेच कार्ड काढतानाही लागतं. लॉकर कुठल्या कोपऱ्यात आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

खोली मिळाली तर अंघोळ करा, पण पलंगावर आडवं होऊ नका. ‘पाच मिनिटं’ म्हणून आडवं झालेला माणूस रात्री नऊला जागा होतो आणि मग पहाटेपर्यंत टक्क.

७. जेवण

मांसाहार करणाऱ्यांना इथे काही सांगायला नको. बाहेर यंत्र असलेल्या खानावळी बघा. यंत्रात आधी पैसे टाकायचे, चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी आत द्यायची. एक अक्षर न बोलता गरम जेवण समोर येतं. दारात ‘किती जण?’ असं विचारलं तर एक बोट दाखवा. पाणी फुकट असतं. टीप द्यायची नसते, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतात. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ट्रेमध्ये ठेवा.

शाकाहारी असाल तर मात्र नीट ऐका. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या दाशीची असते. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा, आणि तो बहुधा सुकवलेल्या माशाच्या कीसापासून करतात. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचं पाणी, भाज्यांच्या तेम्पुराबरोबरचं (हा आपल्या भज्यांसारखा प्रकार) पातळ, अंड्याचा गोडसर रोल, सगळ्यांत तो असू शकतो. तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी सुशी दिसायला शुद्ध शाकाहारी, पण ती पिशवीसुद्धा दाशीतच शिजवलेली असते. ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि मासा काढून तोच रस्सा वाढतो. त्यात फसवणूक नसते, त्याच्या लेखी रस्सा म्हणजे मासा नव्हेच. त्यामुळे हे वाक्य फोनमध्ये जपानी लिपीत करून ठेवा आणि दाखवा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देसु.’ मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही, असा अर्थ.

पहिल्या दिवशी प्रयोग नकोत. कोंबिनी, म्हणजे सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट, लॉसन, कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत आणि बहुतेक चोवीस तास उघडी असतात. केळी, साधं तोफू, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, दही, सुकामेवा सहज मिळतो. पाकिटावरची अक्षरं भाषांतराच्या अ‍ॅपचा कॅमेरा धरून वाचा, ब्रेडचीसुद्धा. किंवा सरळ एखादं भारतीय किंवा व्हेगन रेस्टॉरंट शोधा, टोकियोत दोन्ही भरपूर आहेत. परदेशात पहिल्याच दिवशी वरण-भातासारखं काही खाल्लं म्हणून प्रवास कमी दर्जाचा होत नाही. उपाशीपोटी केलेले निर्णय मात्र हमखास महाग पडतात.

८. संध्याकाळी एकच फेरा

ऊन असेपर्यंत बाहेर पडा. डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात जेवून लगेच निघा.

आसाकुसातल्या कामिनारीमोन या मोठ्या लाल कंदिलाच्या दारापाशी सुरुवात करा. त्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, लाकडी घरं एकावर एक रचून ठेवल्यासारखी एक इमारत आहे. ते आसाकुसाचं पर्यटन माहिती केंद्र. केंगो कुमा यांनी आखलेली ही इमारत २०१२ मध्ये उघडली. आधी तिथे जा. खाली कागदी नकाशा मागून घ्या, मग लिफ्टने आठव्या मजल्यावरच्या गच्चीवर जा, तिकीट नाही. तिथून सेन्सो-जी देवळाकडे जाणारी नाकामिसे ही सरळ गल्ली, तिच्या टोकाला मंदिराची छपरं, आणि दुसऱ्या बाजूला नदीपलीकडचा ६३४ मीटर उंच स्कायट्री मनोरा, सगळं एकत्र दिसतं. आपण कुठे उभे आहोत, नदी कुठे, स्टेशन कुठे, मुक्काम कुठे, हे वरून एकदा नजरेत बसवलं की नंतर गल्ल्यांत नकाशा कमी बघावा लागतो. या एका कारणासाठी मी ही गच्ची पहिल्या दिवसाच्या यादीत सर्वांत वर ठेवतो.

मग नाकामिसेतून देवळात. मुख्य सभामंडप संध्याकाळी ५ ला बंद होतो, आवार मात्र खुलं असतं आणि अंधार पडल्यावर दिवे लावतात. दिवसाची रेटारेटी ओसरलेली असते, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी दमलेल्या माणसाला ही वेळ फार मानवते.

तरीही उत्साह असेल तर गिंझा लाइनने उएनोपर्यंत जाऊन या. तीनच स्टेशनं. १९२७ मध्ये आशियातली पहिली मेट्रो सुरू झाली ती नेमक्या याच तुकड्यावर. सामान नसताना, गर्दीचा ताण नसताना फाटक, फलाट, दिशा आणि बाहेरचं दार यांचा सराव होतो. परत या आणि थांबा.

शिंजुकूतल्या काबुकिचोत किंवा रोप्पोंगीत पहिल्या रात्री एकट्याने जाऊ नका. तिथे रस्त्यात गाठून, अगदी गोड बोलून, ‘स्वस्त बार आहे, चला’ म्हणणारी माणसं भेटतात. आत गेल्यावर अवाच्या सवा बिल लावणं, पेयात काहीतरी मिसळून कार्डावर हात मारणं, असे प्रकार तिथे होतात. कोणी कितीही आग्रह केला तरी न थांबता चालत राहा. आणि शेवटची ट्रेन साधारण मध्यरात्रीच्या सुमाराला जाते, पुढची पहाटे पाचच्या आसपास. मधल्या वेळेत टॅक्सीशिवाय पर्याय नाही.

रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच. १९९५ च्या मेट्रोतल्या सारीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर ते बरेचसे काढून टाकले गेले. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवा आणि कचरा मुक्कामी न्या. पेयांच्या यंत्राशेजारचा डबा फक्त बाटल्या आणि डब्यांसाठी असतो. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात.

९. अडचण आली तर

पोलीस ११०. अग्निशमन आणि रुग्णवाहिका ११९. परदेशी पाहुण्यांसाठी जपानच्या पर्यटन संस्थेची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आहे, तिथे इंग्रजीत बोलतात: ०५०-३८१६-२७८७. तिन्ही नंबर फोनमध्ये आणि एका कागदावर लिहून घ्या. तुमचं सिम नुसतं डेटाचं असेल तर त्यावरून ११० आणि ११९ लागत नाहीत. अशा वेळी नेहमीचं सिम वापरा, किंवा जवळच्या दुकानात, हॉटेलात जाऊन फोन करायला सांगा.

चौकाचौकांत आणि स्टेशनांजवळ कोबान म्हणजे छोट्या पोलीस चौक्या असतात. रस्ता विचारायला तिथे खुशाल जा, ते त्यांचं रोजचं काम आहे, भिंतीवर परिसराचा मोठा नकाशाच लावलेला असतो. वस्तू हरवली तरी तिथेच नोंद करा. ट्रेनमध्ये राहिली असेल तर स्टेशनच्या खिडकीवर कुठली लाइन, किती वाजता, कितव्या डब्यात हे सांगता आलं तर शोध लवकर लागतो. पासपोर्ट हरवला तर आधी कोबानमध्ये नोंद, मग कुदानशिता स्टेशनजवळचा भारतीय दूतावास. पासपोर्टची छायाप्रत आणि दोन फोटो सॅकच्या वेगळ्या कप्प्यात असतील तर पुढचं काम हलकं होतं.

‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप घ्या, भूकंपाची सूचना इंग्रजीत येते. फोन अचानक कर्कश वाजला आणि आसपासच्या सगळ्यांचे वाजले तर तो भूकंपाचा इशारा. आत असाल तर टेबलाखाली जा, डोकं झाका, लिफ्ट वापरू नका. धक्के थांबेपर्यंत बाहेर पळू नका. छोटे धक्के इथे सवयीचे आहेत. स्थानिक लोक काय करताहेत तेच करा.

१०. रात्री

जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तुमच्या शरीराच्या घड्याळात साडेसातच वाजलेले असतात, त्यामुळे दमून गेलात तरी झोप लागेलच असं नाही. आणि सकाळी सातला उठायचं म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटे साडेतीन. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको, झोपण्याआधी फोन लांब ठेवा आणि गजर लावा. होस्टेलच्या सामायिक खोलीत असाल तर गजर उशीखाली, फक्त कंपनावर. पडद्याआडचे बाकीचेही असेच कुठून कुठून आलेले असतात.

झोपण्याआधी सुइकातली शिल्लक बघा, हजारच्या खाली असेल तर सकाळी आधी भरा. पॉवर बँक चार्जिंगला लावा, पासपोर्ट उद्याच्या कपड्यांच्या खिशात ठेवा. आणि पोहोचल्याचा निरोप घरी अजून दिला नसेल, तर तो आता द्या. तिथे अजून कोणी झोपलेलं नाही.